उमेळ्याच्या गाण्याला गोव्याचं लेबल कोणी लावलं?

फोन सकाळी सव्वासातला आला. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढल्यावर माणूस पहिल्या श्वासावरून ओळखता येतो. हा श्वास फिलोमावहिनीचा होता. ती माझ्या चुलतभावाची बायको, राहते उमेळ्याला, वय ऐंशीच्या आसपास. ती फोनवर ‘हॅलो’ म्हणत नाही. समोरचं माणूस बोलेपर्यंत थांबते आणि मग एकदम मुद्द्यावर येते.

“लुसी, मी मेले काय गो?”

“सकाळी सकाळी काय हे, वहिनी?”

“मंग माजं गानं गोव्याचं कसं झालं?”

झालं होतं ते असं. आदल्या रविवारी गावात लग्न होतं. आमच्याकडे लग्नाच्या आधी नवरीच्या आंघोळीसाठी विहिरीचं पाणी आणतात, त्याला उंबराचं पाणी म्हणतात. पूर्वी बायका घागरी घेऊन गात जायच्या, आता टेम्पोवर स्पीकर लावून डीजे पुढे असतो. त्या डीजेने मोबाइलवरून एक गाणं लावलं आणि वहिनीच्या हातातली घागर हिंदकळली. स्पीकरमधून तिचाच आवाज येत होता. ती टेम्पोपाशी गेली आणि म्हणाली, हे मी म्हटलंय. डीजे हसला. त्याने मोबाइलचा पडदा तिच्या तोंडासमोर धरला. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, गोव्याचं लग्नगीत, गायक अज्ञात. “आजी, गोव्याचं आहे हे. नेटवर आहे ना,” तो म्हणाला. नेटवर आहे म्हणजे खरं असणार! आणि वहिनीची सख्खी नात शेरीन, मालाडच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करणारी, ती तिचा दंड धरून म्हणाली, “आजी, चल ना, लोक बघतायत.”

“शेरीन पन नाय मानत,” वहिनी म्हणाली.  मग म्हणाली, “ती कॅसेट आनून दे मला. नावं लिवलेली.”

मी म्हटलं, आणते.

मला खात्री होती, कारण त्या कॅसेटच्या कव्हरवरचा मजकूर मीच लिहिला होता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वसईत आमच्या पास्कूचं कॅसेटचं दुकान जोरात चालायचं. त्याने दुकानामागच्या खोलीत चादरी टांगून उमेळ्याच्या सात बायकांकडून लग्नाची गाणी म्हणून घेतली आणि कॅसेट काढली. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, अक्षर बरं असलेली म्हणून मजकुराचं काम माझ्याकडे आलं. गाणी चालू असताना मी आत नव्हतेच. बाहेर रस्त्यावर उभी राहून हॉर्न वाजवणाऱ्या रिक्षावाल्यांना हात करून गप्प बसवत होते. कॅसेट आली, पंचक्रोशीत खपली. माझी प्रत मी पुरती ऐकण्याआधीच कॅनडाला निघालेल्या बहिणीच्या बॅगेत घातली आणि आपल्यासाठी दुसरी घेऊ म्हणत राहिले. अशी सतरा-अठरा वर्षं गेली. पण कव्हरवर सातही बायकांची नावं होती, हे मी कोणत्याही फादरसमोर शपथेवर सांगितलं असतं.

पास्कूच्या दुकानाचा नंबर अजून पाठ होता. लावला. एका क्लासवाल्याने उचलला आणि मला बारावी सायन्सची फी सांगितली. मग म्हटलं, फोनने होणारं काम नाही हे, आपणच निघावं. निवृत्त माणसाने हिंडायला हिमालयातच जावं असा काही नियम नाही. मी मनवेलपाड्याहून उमेळ्यापर्यंत गेले आणि त्याला मला दोन दिवस लागले. तुम्हाला जायचं असेल तर गुडघे चांगले असल्यास एका दिवसात होईल.

पहिला दिवस

मनवेलपाड्याहून विरार स्टेशनला शेअर रिक्षा मिळते. माणशी पाच रुपये, पण चौथं माणूस पुढे ड्रायव्हरच्या मांडीवर बसल्याशिवाय ती हलत नाही. पूल ओलांडून पश्चिमेला उतरले. इथे स्टेशनसमोर कॅसेटची दोन मोठी दुकानं होती. एका दुकानात आता बायकांचे गाऊन टांगलेले आहेत. दुसऱ्याच्या जागी मोबाइलचं दुकान आहे आणि दारावर पाटी आहे, ‘येथे गाणी भरून मिळतील’. गाणी जणू शेंगदाणे! काउंटरवर वीस-बावीसची एक चुणचुणीत मुलगी होती.

“मेमरी कार्ड भरायचंय का, आंटी? हजार गाणी येतील. पन्नास रुपये.”

“कोणाची गाणी?”

“मिक्स.”

“मिक्स हे कोणाचं नाव आहे? गाणारे कोण?”

ती हसली. “ते नाही येत त्यात. तुम्ही हवं ते गाणं सांगा, मी काढून देते.”

मी म्हटलं, बघू या तुझी हुशारी. उंबराच्या पाण्याचं गाणं सांगितलं. ‘हळू टाक पाय गो, पायरी ओली’ ही ओळही सांगितली. विहिरीची पायरी उतरणाऱ्या पोरीला सांगतात तसं ते गाणं आहे. मुलीने टकटक केलं आणि खरं सांगते, एका मिनिटाच्या आत ते गाणं माझ्यासमोर वाजायला लागलं. इतक्या वर्षांनी मी वहिनीचा तो आवाज ऐकत होते, खणखणीत, मागे सहाजणींची साथ आणि ढोलकीऐवजी घागरीवर पडणारी अंगठी. दुकानासमोरून जाणारी एक बाई थांबलीसुद्धा. मी तिला म्हटलं, “आमच्या उमेळ्याची आहे.” आणि अजून मन भरतंय तोच गाणं हळूहळू बारीक होत गेलं आणि संपलं. पुरती दोन मिनिटंही नाहीत.

“एवढंच?”

“एवढंच आहे, आंटी. लहान फाइल आहे. मोबाइलवर टाकून देऊ?”

दहा रुपये देऊन टाकून घेतलं. जे एका मिनिटात मिळालं ते मिळालं नाही म्हणणार नाही, मी खोटं बोलत नाही. पण त्या मुलीला मी विचारलं, हे गोव्याचं आहे असं कोणी लिहिलं? तिने खांदे उडवले. “ज्याने टाकलं त्याने.” कोणी टाकलं? “ते नाही कळत.” गाणारीचं नाव कळत नाही, टाकणाऱ्याचं कळत नाही, मग कळतं तरी काय, तर फाइल लहान आहे!

विरार पश्चिमेहून वसईला रेल्वेने पंधरा मिनिटांत जाता येतं. मी मुद्दाम आगाशी-निर्मळच्या बाजूने फिरून जाणारी एस.टी. घेतली, कारण मला राग आला होता आणि रागावर आमच्या बागांसारखं औषध नाही. तुम्ही जाल तेव्हा उजवीकडची खिडकी पकडा. आगाशीला उतरून भुजिंग खाल्लं. निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी पोह्यांत घोळून देतात, तिखट एवढं की कान गरम होतात. पुढची बस तासाभराने आली. केळी, पानवेली, सोनचाफा, मधूनच देवळाचं तळं, मधूनच चर्चचे मनोरे. आणि मधूनच, बाग तोडून उभ्या केलेल्या चार मजल्यांवर ‘ग्रीन व्हिला’ असं नाव. ग्रीन होतं ते तोडून मग पाटीवर लिहायचं!

माझ्या शेजारी सुकेळ्यांची टोपली घेऊन एक आजोबा बसले होते. कंडक्टरने टोपलीचं तिकीट मागितलं.

“टोपली काय सीटवर बसलेय?” आजोबा म्हणाले.

“जागा तर अडवलेय ना, बाबा.”

“मंग तुजं पोट पन जागा अडवते. त्याचं तिकीट फाडलंस?”

सगळी बस हसली, कंडक्टरही. तिकीट फाडलं नाही. मी आजोबांकडून पाव किलो सुकेळी घेतली. उन्हात वाळवलेली ही केळी आमच्याकडेच होतात, मुंबईतल्या दुकानात प्लॅस्टिकमध्ये मिळतात ती घेऊ नका.

वसईच्या बाजारात उतरले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. पास्कूच्या दुकानाच्या जागी केकचं दुकान आहे. काचेत निळ्या रंगाचा केक होता. निळा! मी तिथे थोडा वेळ उभी राहिले.

ज्यांनी त्या दुकानात कधी पाय ठेवला नसेल त्यांच्यासाठी सांगते. दहा बाय बाराची जागा. भिंतीवर खालपासून वरपर्यंत कॅसेटी, त्याआधीच्या काळातल्या तबकड्या माळ्यावर. तुम्ही जायचं आणि एखादी ओळ गुणगुणायची. पास्कू डोळे मिटून ऐकायचा आणि स्टुलावर चढून नेमकी ती कॅसेट काढायचा. गायक कोण, पेटीवर कोण, हे तुम्ही न विचारता सांगायचा. आवडीची गाणी एका कॅसेटमध्ये भरून हवी असतील तर यादी द्यायची. यादीत दोन वाईट गाणी असली तर तो ती तोंडावर वाईट म्हणायचा, आणि तरी भरून द्यायचा. त्याच्या काउंटरवर अर्धा तास उभं राहिलेलं माणूस थोडं शहाणं होऊन घरी जात असे. माझ्या पगाराच्या दिवशी मी घरी जाण्याआधी तिथे जायचे.

शेजारचा शिंपी अजून आहे. मशीनवरून मान वर न करता तो म्हणाला, “पास्कू? नायगावला गेला, टॉवरमध्ये. सातवा मजला. चार वर्षं झाली.”

“दुकान का बंद केलं?”

“का म्हणजे? गिऱ्हाईक येत नव्हतं असं नाही हां, बाई. येत होतं. येऊन ओळ गुणगुणायचं, हा गाणं सांगायचा, नाव लिहून घ्यायचं, थँक्यू म्हणायचं, आणि घरी जाऊन कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं.” आता त्याने मान वर केली. “दिवसभर फुकट उत्तरं देत बसायचा. मी त्याला सांगितलं, बाहेर पाटी लाव, चौकशीला दोन रुपये. तर मलाच म्हणाला, तू तुटकं बटण लावायचे पैसे घेतोस का रे?”

पत्ता घेतला. त्या दिवशी आणखी पायऱ्या चढायची ताकद नव्हती, घरी परतले.

दुसरा दिवस

विरारहून नायगाव गाडीने. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही, बसायला जागा मिळाली.

नायगाव म्हणजे माझ्या लहानपणी खाडी, मिठागरं आणि मधे एक स्टेशन. आता बांबूंच्या परांच्या बांधलेले टॉवर आहेत आणि रस्त्यापेक्षा त्यांच्या जाहिराती मोठ्या आहेत. पास्कूच्या इमारतीत लिफ्ट आहे आणि त्या दिवशी ती चालू होती, एवढं श्रेय देते. दार त्यानेच उघडलं. केस गेलेले, भुवया तेवढ्या तशाच.

“काय ऑपरेटरबाई! लागली का लाइन शेवटी?”

“चार वर्षांत तुला एक फोन करता आला नाही?”

“तुम्हीच लावून द्यायच्या ना. आम्हाला सवय नाही स्वतः लावायची.”

त्याच्या बायकोने, रीटाने, चहा आणि माझीच सुकेळी कापून पुढे ठेवली. मी येण्याचं कारण सांगितलं. पास्कू ऐकताना तसेच डोळे मिटून बसला होता. माझ्या मोबाइलवरचं गाणं लावलं तर दुसऱ्या ओळीला म्हणाला, “आमचीच. ही डावीकडची खरखर ऐकू येते? माझा डावा माइक फुटका होता. गोव्यात कुठून येणार माझा माइक?”

“मग कॅसेट आहे तुझ्याकडे?”

रीटा म्हणाली, “आहे? अहो, त्यावर झोपतो आम्ही!”

दिवाणाची फळी उचलली. आत कॅसेटी, ओळीने, एकही धुळीने माखलेली नाही. दुकानातला माल त्याने भंगारात किलोवर घातला, पण स्वतः केलेल्या आठ कॅसेटींची मूळ टेप त्याने ठेवली होती. मासेमारीची गाणी, नाताळची गाणी, भाताच्या लावणीची. आमच्या भागातल्या माणसांनी आमच्याच बोलीत म्हटलेली. कोणी अनुदान दिलं नव्हतं, कोणी हार घातला नव्हता. चादरी टांगून, पंखा बंद करून, घामाघूम होऊन एका दुकानदाराने हे केलं होतं, आणि आता तो त्यांच्यावर गादी टाकून झोपत होता. मला त्याचा इतका अभिमान वाटला की मी त्याला ओरडायचंच विसरले.

उमेळ्याची कॅसेट सापडली. तिच्यासोबत न वापरलेल्या कव्हरांचा गठ्ठाही. मी चष्मा लावला.

‘आशीर्वाद’ म्हणून त्या वेळच्या फादरांचं नाव. ‘ध्वनिमुद्रण’ म्हणून पास्कूचं. ‘संकलन व शब्दांकन’ म्हणून माझं, आडनावासकट, बऱ्यापैकी ठळक. आणि सगळ्यात खाली, ‘गायन : उमेळे येथील महिला’.

“नावं कुठे गेली? कोणी काढली?” माझा आवाज वर गेला. “छापखानेवाल्याने काढली का? तू का बघितलं नाहीस?”

 पास्कूने गठ्ठ्याखालून एक घडी घातलेला कागद काढला. छापायला दिलेला मूळ मजकूर. निळी शाई, कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी पट्टी मारून वळण लावलेलं अक्षर, एकही खाडाखोड नाही. ‘गायन : उमेळे येथील महिला.’

अक्षर माझं होतं.

मग हळूहळू आठवलं. मी नावं विचारली होती, खिडकीतून. आत हशा पिकला होता. “आमची नावं कशाला गो? आमी काय सिनेमात हाव?” असं कोणीतरी म्हणालं होतं. आणि मी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं. का नाही विचारलं, तेही आता लिहूनच टाकते. गाणी मौल्यवान आहेत असं मला वाटत होतं, म्हणणाऱ्या बायका मात्र मला आमच्या गावच्या बायकाच वाटत होत्या, पानं खुडणाऱ्या, बाजारात बसणाऱ्या. कव्हरवर नाव यायला माणूस माझ्यासारखा असावा लागतो, असं त्या वेळी माझ्या मनात कुठेतरी होतं. ज्याने नेटवर ‘अज्ञात’ लिहिलं त्याला निदान नावं माहीत नव्हती. मला सातही माहीत होती.

“आता वहिनीला काय सांगू?” मी म्हटलं.

“ऐकवू तरी,” पास्कू म्हणाला. “कागदावर नाही तर नाही. पूर्ण गाणं तरी ऐकवू. तुमच्या त्या मोबाइलवर अर्धंच आहे.” त्याने टेप खोक्यात घातली, जुना टेपरेकॉर्डर पिशवीत घेतला. रीटा म्हणाली, “घेऊन जा, आणि निदान आजची रात्र परत आणू नका. कंबर मोडली माझी.”

नायगावहून उमेळ्याला रिक्षा पंचवीस-तीस रुपयांत जाते. रस्ता अर्धा खणलेला आहे, पण दोन्ही बाजूंना अजून थोडी झाडी उरली आहे. वहिनीच्या घराच्या मागे तिची बाग आहे, बागेच्या मागे नवीन इमारत. जेवायला बोंबलाचं आंबट, तांदळाची भाकरी आणि आदल्या आठवड्यातल्या लग्नाचं उरलेलं लोणचं होतं. वहिनीने आम्ही जेवेपर्यंत कॅसेटबद्दल एक शब्द काढला नाही. शनिवार होता म्हणून शेरीन घरी होती. ती नमस्कार करून कॉम्प्युटरसमोर बसली होती, पाठ आमच्याकडे.

हात धुतल्यावर वहिनी म्हणाली, “दाखव.”

मी कव्हर तिच्या हातात दिलं. तिला वाचता येत नाही. तिने ते शेरीनकडे दिलं. “वाच. मोठ्यान वाच.”

शेरीनने वाचलं. माझं नावही वाचलं. ‘उमेळे येथील महिला’ वाचून ती थांबली आणि तिने कागद उलटा करून पाहिला. मागे कोरं होतं.

“मी चुकले, वहिनी,” मी म्हटलं. “मला लिहायला हवं होतं. मी नाही लिहिलं.”

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या रागाची वाट पाहत होते, तो आला असता तर बरं वाटलं असतं. ती नुसती म्हणाली, “मंग कोन मानेल?”

 पास्कूने टेपरेकॉर्डर खुर्चीवर ठेवला, वायर लावली आणि बटण दाबलं.

गाणं सुरू झालं. वहिनी ओठ हलवत होती. ‘हळू टाक पाय गो, पायरी ओली.’ शेरीन ऐकत होती, पण मघाशी होती तशीच, सभ्यपणे. मोबाइलवर जिथे गाणं बारीक होत विरलं होतं ती जागा आली आणि गेली. गाणं पुढे चालू राहिलं.

‘मार्था बाय, हळू टाक पाय गो.’

वहिनीचे ओठ थांबले.

‘रेजिना बाय, हळू टाक पाय गो.’

“अरे देवा,” पास्कू म्हणाला.

इथे एक सांगायला हवं. ही गाणी म्हणताना ज्या घरचं लग्न त्या घरच्या माणसांची नावं गाण्यात घालायची असतात. नवरीचं, करवल्यांचं, मावश्यांचं. म्हणणारी स्वतःचं नाव कधी घालत नाही. वहिनीने हे गाणं शेकडो लग्नांत म्हटलं होतं आणि दर वेळी वेगळ्या नावांनी. पण पास्कूच्या त्या मागच्या खोलीत लग्न नव्हतं, घर नव्हतं, नवरी नव्हती. चादरी होत्या आणि सात बायका. नावांची जागा आली तेव्हा वहिनीने जी समोर दिसली तिचं नाव घातलं. मार्था, रेजिना, सिसील, कार्मेल, अनामारी, एस्तेर. एकेकीचं नाव आलं की मागे हलकं हसू ऐकू येत होतं. त्या वयात नवरी व्हायची लाज वाटून हसावं तसं. सहा नावं झाली.

आणि मग वहिनीचा आवाज थांबला, कारण स्वतःचं नाव ती घालणार कशी? घागरीवरची अंगठी तेवढी वाजत राहिली. मग दुसराच आवाज वर आला, जाडसर, थोडा फाटका, पण ठाम.

‘फिलोमा बाय, हळू टाक पाय गो, पायरी ओली.’

“एस्तेर,” वहिनी म्हणाली. “ती एस्तेर हाय.”

एस्तेर जाऊन बारा वर्षं झाली. मला वाटलं वहिनी रडेल. ती ताठ बसली होती आणि तिचा चेहरा मी तिच्या लग्नाच्या फोटोतही इतका सुंदर पाहिलेला नाही. टेप संपल्यावर खट्ट आवाज झाला. शेरीन खुर्चीवरून उठून जमिनीवर आजीजवळ येऊन बसली.

“परत लावा ना, अंकल,” ती म्हणाली. परत लावलं. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी शेरीन म्हणाली, “रेजिना म्हणजे कोण, आजी?”

आणि वहिनी सांगू लागली. रेजिना म्हणजे पलीकडच्या गल्लीतली, जिला गाण्यापेक्षा खायची घाई. सिसील, जी नवऱ्याशी भांडून यायची आणि मग उत्तम गायची. अनामारी आता मुलाकडे ऑस्ट्रेलियाला आहे. कार्मेलचं घर मागच्या नव्या इमारतीच्या खाली गेलं. मार्था अजून आहे, चौथ्या घरात, ऐकू येत नाही. वहिनी सांगत होती आणि मी पहिल्यांदा ऐकत होते. मीसुद्धा त्याच गावची.

मध्येच वहिनी माझ्याकडे वळून म्हणाली, “तू कायपन लिव गो कवरवर. आमी आमची नावं आमच्या तोंडानं घातली.” मग पास्कूला म्हणाली, “नि तुला तवा पन बोलले होते मी, पंका बंद नको करू. मार्थाचा सूर घामानं गेला बघ.” पास्कूने कबूल केलं.

शेरीनने एक वायर शोधून टेपरेकॉर्डर कॉम्प्युटरला जोडला आणि पूर्ण गाणं आत घेतलं, साडेपाच मिनिटांचं. अर्धंच गाणं कोणी आणि का टाकलं होतं, ते कळलं नाही. कंटाळा आला असेल. आवडत्या गाण्यातली नावं ऐकायचा ज्याला कंटाळा येतो, त्याच्याबद्दल मी सभ्य भाषेत लिहू शकत नाही.

घरी

सुकेळी संपली, गुडघे दोन दिवस बोलत होते. दोन दिवसांचा सगळा खर्च तीनशेच्या आत आला. राहिलं काय, याचा विचार करत होते.

पास्कूचं दुकान परत येणार नाही. मला ते मान्य करायला आवडत नाही, पण केकचं दुकान चांगलं चालतं. जिथे उभं राहून ‘हे कोणी म्हटलंय?’ असं विचारता येतं आणि समोरून उत्तर येतं, अशी जागा गेली. त्याबद्दल माझा राग आहे आणि तो राहील. मात्र नावं फक्त डाउनलोडवाल्यांनी गाळली असं मी आता म्हणणार नाही. आधी ती चांगल्या अक्षरात गाळली गेली होती. अभिमान वाटतो तो त्या सात बायकांचा, ज्यांनी कव्हरावर विसंबून राहायची चूक केली नाही. कव्हरवर नावं नाहीत हे त्यांना ठाऊकही नव्हतं, हे खरं. तरीही.

ते गाणं ज्या संकेतस्थळावर टाकलेलं होतं, त्याला शेरीनने आणि मी मिळून दुरुस्ती पाठवली. पूर्ण गाणं, सातही नावं, गाव उमेळे, तालुका वसई. चार दिवसांनी उत्तर आलं. माहितीची पडताळणी चालू आहे, कृपया पुरावा असल्यास कळवावा, असं त्यात होतं. गोव्याचं लिहिताना कोणाकडे पुरावा मागितला होता?

असो. ज्यांना पडताळणी करायची आहे त्यांच्यासाठी, आणि ज्यांना नुसतं यायचं आहे त्यांच्यासाठीही, पत्ता देते. नायगाव स्टेशनला उतरा, पश्चिमेला या, उमेळ्याची रिक्षा करा. चर्चच्या अलीकडे विहीर लागते तिथे सोडायला सांगा. सकाळी येऊ नका, वहिनी बागेत असते. चारनंतर या. आणि गावात शिरल्यावर ‘ते गाणं म्हणणाऱ्या बायका कुठे राहतात’ असं विचारू नका. फिलोमा कुठे राहते, असं विचारा.